बोंद्रेंची गाडी बिघडत नाही

भिलाई पावर हाउस स्टेशनवर उतरलो आणि रिक्षावाल्याला सांगितलं, सेक्टर दहा. "प्लांट देखने आए हैं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, एक जुनी मोटार बघायला आलोय. तो जरा खट्टू झाला. पाहुण्यांना कारखान्याच्या चिमण्या दाखवत न्यायची त्याची रीत असावी, कारण मला नको असताना त्यानं त्या दाखवल्याच.

मी नागपूरचा, चष्म्यांचा दुकानदार. लहानपणी अमरावतीला आमच्या डॉक्टरांकडे एक जपानी गाडी होती. तिचं दार लावलं की असा भरीव आवाज यायचा की आम्ही पोरं आजारी नसतानाही दवाखान्यात जायचो. हल्ली जपानी नावाच्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसतात. त्या चपळ आहेत, पण दार लावलं की बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावल्यासारखं वाटतं. म्हणून जेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, "भिलाईला माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे तसली जुनी गाडी आहे आणि बहिणीला ती विकायचीय," तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

बहिणीचा नवरा म्हणजे बोंद्रेसाहेब, कारखान्यातले अधिकारी, निवृत्तीला आलेले. क्वार्टर सोडायचं होतं. नागपूरला मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली सायकल ठेवायला जागा नाही. माझ्या घराला पोर्च आहे. सगळं जुळत होतं. बोंद्रेसाहेबांनाही विक्री मान्य होती, निदान तसं त्यांनी कबूल केलं होतं. पण चहा देताना ते माझ्याकडे मुलगी बघायला आलेल्या नवऱ्या मुलाकडे बघावं तसं बघत होते.

गाडी क्वार्टरच्या मागे आंब्याखाली उभी होती. फिकट निळी, बसकी. आरसे दारांना नव्हते, पार पुढे बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, बैलाच्या शिंगांसारखे. आत घड्याळ होतं आणि ते बरोबर वेळ दाखवत होतं. मी कौतुक करायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "पाहा, मी खोटं नाही बोलत. म्हातारी झाली आता. रस्त्यात दगा देते."

"दाखवा तर खरं," मी म्हटलं.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, "उतईपर्यंत नेऊन आणा त्याईले. आन् सरळ रस्त्यानं न्या."

थंडीची सकाळ होती. अशा वेळी चोक ओढल्याशिवाय जुनी गाडी सुरू होत नाही. साहेबांनी चोकला हातही लावला नाही आणि चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सरळ रस्त्यानं आम्ही गेलोच नाही. त्यांनी गाडी एका गाडरस्त्यावर घातली. कापणी झालेली धानाची शेतं, मधे बांध, बांधावर खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ते म्हणायचे, "आता बसते पाहा खाली." गाडी बसली नाही. एका नाल्यात त्यांनी ती मुद्दाम हळू नेली, पाणी दारापर्यंत आलं, आणि पलीकडे ती म्हशीसारखी शांतपणे वर चढली. मला मोठी गंमत वाटत होती. त्यांच्या कपाळाला घाम होता आणि मिशीखाली, त्यांना नको असताना, हसू होतं.

उतईला एका टपरीवर आम्ही फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) खाल्ला, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. टपरीवाली बाई म्हणाली, "बने गाड़ी हे, साहेब." (छान गाडी आहे.) साहेब गुरगुरले. मी हात धुवायला मागे गेलो आणि परत आलो तर बॉनेट उघडं होतं. त्यांनी प्लगची एक वायर उपसून स्वेटरच्या खिशात टाकलेली मी स्पष्ट पाहिली. पण मी आकाशाकडे बघत गाडीत बसलो.

चारांपैकी एक सिलिंडर बंद. गाडी सुरू झाली. थरथरत, कुरकुरत, पण थेट सेक्टर दहाच्या आंब्याखाली येऊन थांबली.

"कशी वाटली?" वहिनींनी विचारलं.

मला राहवलं नाही. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "इंजिनात काही दम नाही हो, वहिनी. उगाच आलो मी एवढ्या लांब."

बोंद्रेसाहेबांचे कान लाल झाले. आता गप्प बसले असते तर गाडी त्यांचीच राहिली असती. पण ते उसळून म्हणाले, "दम नाही? अहो, तीन सिलिंडरवर आणलं तुमाले उतईवरून. हे पाहा," आणि वायर माझ्या तोंडासमोर धरली.

मग वहिनी म्हणाल्या, "लावा ते वायर, आन् जेवाले या."

जेवताना ते वरणभात कालवत बसले. मग म्हणाले, "मले नेऊन द्याची आहे ते तुमच्या घरी. मीच चालवीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला निघालो. ते चालवत होते, शेजारी वहिनी, आणि गाडी विकत घेतलेला मी मागच्या सीटवर पिशव्यांमध्ये. राजनांदगाव गेलं, बाघनदी गेली. देवरीच्या जंगलात वहिनी म्हणाल्या, "आता द्या त्याईले. त्याईची आहे."

ते उतरले, दोन्ही आरसे रुमालानं पुसले आणि मागे जाऊन बसले. मी जपून गिअर टाकला. साकोलीपर्यंत गिअरच्या प्रत्येक आवाजावर मागून उसासा येत होता. मग तोही थांबला.

"काय हो," पाठ टेकून ते म्हणाले, "मागं किती आरामशीर आहे. आवाजच येत नाही. इतकी वर्षं मी इथं कधी बसलोच नाही."

मला त्या दूर देशातल्या, कधी न दिसलेल्या कारागिरांचं नवल वाटलं. चालवणाऱ्याला खूश करणं सोपं असतं. त्यांनी मागे बसणाऱ्याचाही तेवढाच विचार केला होता.

भंडाऱ्यानंतर घोरण्याचा आवाज यायला लागला. नागपुरात शिरलो, माझी गल्ली आली, पोर्चमध्ये माझी बायको उभी दिसली. मी वेग कमी केला. वहिनींनी मागे वळून पाहिलं, मग माझ्या बाहीला हलकेच हात लावला.

"झोपू द्या थोडं," त्या म्हणाल्या.

मी बायकोला हात केला आणि गाडी तशीच पुढे काढली.