पल्याडच्या खजिनदाराची सही

हरिचंद्र भोईराने जेवढ्या नोटा छापल्या तेवढ्या सरकारनेही छापल्या नसतील, असं त्याच्या बेलवली गावातले लोक चेष्टेने म्हणायचे. बोलणं अगदीच खोटं नव्हतं. खोट्या होत्या त्या नोटा.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, सायकलच्या दुकानामागच्या बोळात, परसराम सेठचा छापखाना होता. हरिचंद्र तिथे पायाने हाणायच्या ट्रेडल मशीनवर. पापडाची लेबलं, उदबत्तीची वेष्टनं, लग्नपत्रिका असं काम यायचं-जायचं. पण बारमाही काम एकच, पोरांच्या चूरणाच्या पुडीत घालायच्या नोटा. दहा पैशाला पुडी, आणि पुडीत चार बोटं रुंद एक नोट.

शहाऐंशी साली कुणीतरी सेठला घाबरवलं की तुमच्या नोटा फारच खऱ्यासारख्या दिसतात, एक दिवस पोलीस दारात उभे राहतील. सेठने हरिचंद्रला बोलावलं.

“हरिचंद्र, सरकारी नाय वाटली पायजे. पण नोट वाटली पायजे. समजा क्या?”

“म्हणजे कशी, सेठ?”

“मला काय मालूम? तू पत्रिकेवर गणपती काढतो ना, तसा दुसरा मुलूख काढ. उसका अलग राजा, अलग पब्लिक. कुठल्या हवालदाराच्या बापाने बघितला नसेल असा.”

आख्खा मुलूख कसा काढतात, हे हरिचंद्रला कुठे ठाऊक! रविवारी तो पडवीत कागद पसरून बसला आणि फेटेवाला राजा काढू लागला. आठ वर्षांची पद्मजा येऊन खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

“बा, यो कुठला राजा?”

“चंदेरीच्या डोंगरामागला.”

“तिकडं तर पनवेल हाय.”

“पनवेलच्या आधी. कुणाला दिसत नाय.”

तिने डोंगराकडे नीट बघून घेतलं. “मंग त्याचं नाव पल्याड,” ती म्हणाली, आणि बापाची पेन्सिल धरली. “राजाला शंभराच्या नोटेवर कशाला काढतंस?”

“मंग कुठं काढू?”

“एकच्या. राजे किती असतात? एक. मंग एकची नोट.”

हरिचंद्र हसला, पण पोरगी हसत नव्हती. तिने बोटांवर मोजत सगळं राज्य मांडलं. प्रधान दोन, एक खरं बोलणारा नि एक खोटं, म्हणून दोनची नोट. सावकार पाच. मास्तर दहा. सुतार, लोहार, कुंभार मिळून पन्नास. आणि शंभराच्या नोटेवर भाताची आवणी करणाऱ्या बाया, ओळीने वाकलेल्या.

“शंभर तरी लागतातच ना गं आये?”

राजाबाई दारात सुकट निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “शंभरानं काय होतंय? आपल्या दोन खाचरांतच माझं कंबरडं मोडतंय.”

तर पल्याडात जे लोक जास्त, त्यांची नोट मोठी. एक आवणीवाली दिली की शंभर राजे सुटे मिळायचे. हरिचंद्रने उलटसुलट विचार करून पाहिला, पण पोरीच्या हिशोबात त्याला चूक सापडेना.

“आणि खजिनदार मी,” पद्मजा म्हणाली. “खाली माझी सही. माझी सही नसली तर नोट खोटी.”

सहीसाठी तिने तीन दिवस पाटी झिजवली. ‘पद्मजा’ लिहून शेवटी कुत्र्याच्या शेपटीसारखा एक झोकदार बाक. हरिचंद्रने ती काळ्या शाईत गिरवून घेतली, आणि चित्रांबरोबर छपाईचे ठसे करणाऱ्या कल्याणच्या ब्लॉकवाल्याकडे दिली. जस्ताच्या ब्लॉकवर पोरीचं नाव उलटं उमटून आलं तेव्हा त्याने त्यावरून अंगठा फिरवला. एवढं देखणं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

सेठने प्रूफ बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“राजा एक रुपयात? और शंभर पे ये चिखलवाल्या बाया? अरे साईं, पोरगा पुडी फाडेल, त्याला शंभराचा राजा पायजे! उलटा कर.”

उलटं करणं पाच मिनिटांचं काम. आकडे ब्लॉकात नव्हते, शिशाच्या सुट्या खिळ्यांचे, म्हणजे टायपाचे होते. हरिचंद्रने चिमट्याने शंभर उचलला, राजाखाली बसवला, आणि एकचा आकडा आवणीवाल्या बायांना दिला. घरी बोलला नाही. पोरीला काय, चार दिवसांत विसरेल.

महिन्याभराने तो कामावरून आला, तर पद्मजा उंबऱ्यावर बसलेली. पुढ्यात चूरणाच्या चार फाडलेल्या पुड्या. चूरणाला बोटही लावलं नव्हतं.

“बा, बाया एकवर कुणी घातल्या?”

“सेठनं सांगितलं, बाय.”

“राज्य सेठचं हाय का?”

हरिचंद्र चपला काढत राहिला. मग जे त्याच्या बापाने त्याला सांगितलं असतं तेच त्याने सांगितलं. “राज्य कुणाचं का असंना. आपण छापणारे.”

पद्मजाने नोटा गोळा करून त्याच्या हातात दिल्या. “मंग माझी सही काढ.”

दुसऱ्या दिवशी हरिचंद्रने ब्लॉक पालथे घालून सहीची जागा पटाशीने खरवडून काढली. सहा ब्लॉक, सहा सह्या. सेठला पत्ता लागला नाही आणि पोरांना फरक पडला नाही. पुढची तेरा वर्षं पल्याडच्या नोटांवर ‘खजिनदार’ एवढाच शब्द छापला जात होता, आणि त्याच्या वर कोरी जागा.

पोरगी चित्रं काढत राहिली. कोळशाने, खडूने, बापाने आणलेल्या रद्दी कागदाच्या पाठीवर. शाळेतल्या ड्रॉइंगच्या देशले बाई तिचा हात बघून थक्क व्हायच्या. चौऱ्याण्णवला ती दहावी झाली तेव्हा बाई स्वतः घरी आल्या, मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन.

“भोईर, फी माफ होईल, मी बघते. तुम्ही फक्त इथे सही करा. शनिवारपर्यंत.”

हरिचंद्रने लगेच नाही म्हटलं नाही. गुरुवारी त्याने खाडा केला, लग्नातला शर्ट घातला आणि मुंबईला जाऊन कॉलेजच्या फाटकासमोर उभा राहिला. झाडाखाली पोरं-पोरी पायऱ्यांवर बसलेली, पोरी केस कापलेल्या, मांडीवर दार मावेल एवढाले पुठ्ठे, आणि तोंडात इंग्रजी. रखवालदाराने विचारलं, “कुणाचा शिपाई रे तू?” हरिचंद्र म्हणाला, “कुणाचा नाय.” तासभर उभा राहिला आणि आत न जाता परत आला.

शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, “तिथं आपलं माणूस नाय, बाय. काढणारे येगळे. आपण छापणारे.”

पद्मजाने मान खाली घातली. फॉर्म तिने भिंतीवरच्या देवांच्या फोटोमागे खोचला होता, तो शनिवार गेला तरी तिथेच होता. राजाबाई आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच, “माझा आंगठा चालत असता तर मीच उठवला असता.”

दोन वर्षांनी अंबरनाथचं स्थळ आलं. बबन, एमआयडीसीत परमनंट, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती. लग्न झालं, आणि सासरी गृहप्रवेशाला रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले. बबनने अंगठीने त्यात नाव लिहिलं, अंजनी. बायका वाकून वाकून बघू लागल्या. “बाई बाई, काय गोड नाव!” साखर वाटली. दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्वतःच पाठराखीण होऊन गेलेली राजाबाई घरी आल्यावर म्हणाली, “नाव लिवलं, आन् तेच तांदूळ पाखडून डब्यात भरले.” हरिचंद्र म्हणाला, “सगळ्यांचंच बदलतात. तुझं नाय का बदललं?” राजाबाईने त्याच्याकडे असं बघितलं, की तिचं आधीचं नाव काय होतं हे त्याला त्या घटकेला आठवेना.

नव्व्याण्णवला सेठने छापखाना मोडीत काढला. ऑफसेटसमोर ट्रेडलला कोण विचारतो! मशीन भंगारात, ब्लॉक जस्ताच्या भावाने. “हरिचंद्र,” सेठ म्हणाला, “आज आखरी दिन. तुला काय छापायचं ते छाप, कागद माझा.”

हरिचंद्रने पल्याडचे ब्लॉक पुसले. तेरा वर्षांनी शंभराचा आकडा जागेवर बसवला, बायांखाली. उरला एकचा आकडा. राजाच्या ब्लॉकला त्याने हात लावला नाही. आठवड्यापूर्वीच त्याने पदरच्या पैशाने कल्याणहून एक नवा ब्लॉक करून आणला होता. आठ वर्षांची पोरगी, कानामागे पेन्सिल. एकच्या नोटेवर त्याने तिला छापलं. पल्याडच्या कायद्याने ते बरोबर होतं. अशी पोर जगात एकच.

रविवारी नोटा वहीत दाबून तो अंबरनाथला गेला. जावई ड्युटीवर. लेक मोरीत धुणं धूत होती, दोन वर्षांची नात चांगुणा साबणाच्या फेसात खेळत होती.

“बा? असा अचानक?”

त्याने वही उघडून पुढे धरली. तिने पदराला हात पुसले. शंभराची नोट बघितली. मग एकची बघितली आणि तिथेच मोरीच्या कडेवर बसली.

“बरोबर लावलं ना आता?” हरिचंद्र म्हणाला. “त्या टायमाला चुकलो. फॉर्मच्या येळेला बी चुकलो. आता तेवढी तुझी सही कर. जागा राखलीय.”

तिने नोट उलटसुलट करून पाहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“एकवर कशाला घातलंस, बा?” ती हळूच म्हणाली. “अशी काय एकच हाय? या चाळीतच मोज. पलीकडची शिवणात हुशार, वरची गाणारी, कोपऱ्यावरची गणितात पयली आलेली. लाखाची नोट काढावी लागंल.”

हरिचंद्रने खिशातलं पेन पुढे केलं. “कर गं बाय. माझ्यासाठी.”

तिने पेन घेतलं, कोऱ्या जागेवर टेकवलं आणि केली सही. रेशनच्या दुकानात करते तशी, गॅसच्या पुस्तकावर करते तशी, एका दमात. सौ. अंजनी. शेवटी बाक नाही, शेपटी नाही. सही पुरी झाल्यावरच दोघांना दिसली. तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

“खोटी झाली,” ती म्हणाली.

हरिचंद्रला ‘नाय’ म्हणायचं होतं. पण कायदा तिनेच केलेला होता आणि तो त्याला पाठ होता.

एवढ्यात चांगुणा ओल्या हातांनी आली, नोट ओढून घेतली आणि चित्रावर बोट ठेवलं. “आये, ही कोन?”

अंजनीने उठून नळ सोडला. बादली भरून घेतली.

“तुझ्या आज्याच्या गावात होती एक पोर,” ती म्हणाली, आणि उरलेले कपडे पिळायला बसली.