घरामागचा नाला जातो कुठं

आमचं घर बुलडाण्याच्या कडेला, नव्या वस्तीत आहे. मागच्या कुंपणाला लागून एक नाला जातो. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात, पावसाळ्यात तो स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी कारकून, जन्मापासून घाटावरचा. बायको घाटाखालची, मोताळ्याकडची. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी ‘वरचे’ आणि ‘खालचे’ ही आमची चिडवाचिडवी अजून संपलेली नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी कपडे वाळत घालताना तिनं विचारलं, “हा नाला जाते कुठं हो?”

“पैनगंगेले,” मी पेपर वाचत म्हणालो. “दक्षिणेकडं वाहते ना. पैनगंगा, वर्धा, मग गोदावरी.”

“मले वाटते नळगंगेले जात असन. माझ्या माहेराकडं.”

“उलटा चढून? नळगंगा तं उत्तरेकडं हाय.”

तिनं उरलेले कपडे बादलीतच ठेवले आणि चपला घातल्या. मलाही निघावं लागलं.

नाला सोयाबीनच्या शेतांमधून खरंच दक्षिणेकडं चालला होता. माझी चाल ऐटदार झाली. पुढं एका शेतात वयस्क नवराबायको मुगाच्या शेंगा तोडत होते. आम्ही त्यांना विचारलं.

“पैनगंगेले जाते,” काका म्हणाले.

“तुमाले काय मालूम? थो टेकडीमागून घाटात पडते,” काकू म्हणाल्या.

“तू गेली व्हती पाहाले?”

“तुमी गेलते का?”

दोघंही कधी गेले नव्हते. त्यांच्या शेताच्या धुऱ्यापुढच्या पाण्याशी त्यांचं कधी काम पडलं नव्हतं. काकूंनी ओटीतल्या शेंगा टोपल्यात ओतल्या. “चला, आज पाहूनच घेऊ.” आता आम्ही चौघं झालो.

टेकडीपाशी नाला ओलांडताना माझा पाय शेवाळावर सटकला. मी पाण्यात बसलो आणि डाव्या पायातली चप्पल निघाली ती थेट धारेला लागली.

“धरा, धरा!” बायको ओरडली.

काका काठी घेऊन काठानं पळाले, मी एका चपलेनं लंगडत. चप्पल दगडाला टेकायची, गिरकी घ्यायची, पुन्हा सुटायची. टेकडीला वळसा पडला तसं आतापर्यंत तोंडावर असलेलं ऊन माझ्या पाठीवर यायला लागलं. नाला उत्तरेकडं वळला होता. वळणापुढं जमीनच संपली. समोर घाट उघडा पडला आणि खाली मोताळ्याकडचं सपाट हिरवं रान दूरपर्यंत पसरलेलं दिसलं. आमच्या डोळ्यांदेखत चप्पल कड्यावरून खाली गेली.

काकूंना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या. बायकोनं तिथूनच वडिलांना फोन लावला. “बाबा, आमच्या घरचं पाणी तुमच्याकडं येते! यांची एक चप्पलही निघाली हाय.”

सासऱ्यांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. “दुसरीही सोडा म्हणाव. एकीचं मी काय करू?”

परतताना काकांनी हरल्याची भरपाई म्हणून आम्हाला वरच्या अंगाचं आपलं शेत दाखवलं. शेताच्या मधोमध उंचवटा होता, त्यावर एक बोरीचं झाड. “माही गोष्ट अर्धी तं खरी हाय,” ते म्हणाले. “हे पाहा, इकडची सरी नाल्याकडं उतरते, तिकडची पैनगंगेकडं.” बायकोनं काकूंच्या बाटलीतलं पाणी उंचवट्यावर ओतलं. थोडं इकडं गेलं, थोडं तिकडं. एक ओघळ नळगंगेतून तापीच्या वाटेला लागला, दुसरा गोदावरीच्या. आम्ही चार मोठी माणसं वाकून ते जिरेपर्यंत पाहत राहिलो.

काकांनी मला आपली जुनी रबरी चप्पल दिली, काकूंनी बायकोच्या पदरात मूठ-मूठ करून शेंगा टाकल्या. घरी येईस्तोवर त्यातल्या निम्म्या आम्ही सोलून खाल्ल्या होत्या.