सगुणाआत्याची वेगळी वाटी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर नर्सची नोकरी केली... मेलेलं माणूस उठून बसलेलं कधी पाहिलं नाही. चमत्काराच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा तर मला तिटकाराच आहे. तरी हे लिहितेय, कारण आमच्या गावची मंडळी आता ही हकीकत भलत्याच गोडव्यानं सांगतात आणि ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

गाव बेंबळी, तालुका उस्मानाबाद. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. गावाच्या कडेला आमची दहा-बारा ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं छोटंसं चर्च. माझी विधवा सगुणाआत्या आमच्याच घरी राहायची. तिच्या गालाला आतून कॅन्सर झाला. मोठ्या दवाखान्यानं "घरी न्या" म्हणून परत पाठवली. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, सुट्टीत आले की पट्टी मीच बदलायची. गालाला आरपार भोक पडलं होतं. पू, लाळ, सगळं त्यातून गळायचं. पहिल्या दिवशी मी परसात जाऊन ओकले, खोटं कशाला बोलू?

मग एक बाहेरगावचा उपदेशक आला, प्रार्थना करून आजार बरे करणारा. नाकाला रुमाल लावूनच त्यानं आत्याच्या डोक्यावर तेल ओतलं, घसा फाडून ओरडला, आमच्या कोंबड्यांवर ताव मारला. गाल होता तसाच राहिला, तेव्हा जाताना सांगून गेला — बाईनं काहीतरी पाप लपवलंय!

लोकांना निमित्तच हवं होतं. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी आमच्या चर्चमधले वडीलधारे दावीदकाका घरी आले.

"सगुणाबाई, तुमाला येगळी वाटी ठिवतो. सगळ्यांच्या प्याल्याला तोंड लावू नगा."

"दावीदभाऊ, म्या तेवढ्यासाठीच रेटतीय हो... सगळ्यांसंगं पिऊ द्या की." आत्याचे शब्द गालातून निसटायचे.

"न्हाय जमायचं. लोकान्ला किळस येतीय."

आमच्याकडे प्रभुभोजनाला काळे मनुके भिजवून रस काढतात आणि तो येशू प्रभूचं रक्त मानून एकाच प्याल्यातून सगळे पितात. नर्स म्हणून मला वेगळी वाटी पटलीही असती. पण ती आरोग्यासाठी नव्हती, शिक्षा म्हणून होती. बाजारातला हॉटेलवाला शिवाशिवीपायी आमच्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर कोनाड्यात ठेवायचा. तो कप आपण दगडावर कसा फोडला, हे दावीदकाका छाती फुगवून सांगायचे. आता तेच काका पोचे आलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी घेऊन आले होते. मला त्या माणसाचं तोंड पाहवेना.

रविवारी सकाळी उपासनेत चर्चच्या पाळकसाहेबांनी एकाच तांब्यातला रस प्याल्यात आणि वाटीत ओतला, माझ्या डोळ्यांदेखत. दोन्ही भांडी मीच राखेनं घासली होती. पहिला घोट दावीदकाकांनी घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, पण गिळला... प्रभूचं रक्त थुंकणार कसं? पुढच्याचंही तेच. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच होतंय. माझी पाळी आली. ओठ लावले मात्र — पट्टी सोडताना येणारा तोच वास! पुवाचा, सडक्या मांसाचा. मी डोळे मिटून गिळलं. माझ्या मागच्या बायका पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या आणि भिंतीशी ओकाऱ्या काढू लागल्या.

प्याला अर्धा तसाच राहिला. उरलेला रस आमच्याकडे टाकत नाहीत, कुणीतरी संपवायचाच असतो. पाळकसाहेबांनी प्याला तोंडापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला.

आत्याची वाटी पिऊन झाली होती. मी हुंगून पाहिली. नुसता मनुक्यांचा गोड वास! तोवर ती उठून टेबलापाशी गेली होती. दोन्ही हातांनी प्याला उचलला आणि शेवटपर्यंत प्यायली. निम्मा रस गालातून पदरावर सांडला.

मनुके नासके म्हणावे, तर वाटीतला रस कसा चांगला? मनाचे खेळ म्हणावे, तर इतक्या जणांना एकच वास कसा? आज म्हातारी झाले तरी मला उत्तर सापडलेलं नाही. मंडळी त्याला देवाची साक्ष म्हणतात. ती वाटी कुणी आणली होती, ते मात्र कुणी सांगत नाही!

आत्या बरी झाली नाही. पुढे जखमेत अळ्या पडल्या, हाल हाल होऊन गेली. शेवटी शेवटी एकदा पट्टी सोडताना मी वैतागून म्हटलं, "आत्या, तुमचा देव काही बरं करत नाही. कशाला धरून बसलाय त्याला?"

शब्द निसटू नयेत म्हणून तिनं गालावर पदर दाबून धरला.

"बरं करंना, व्हय. म्या बी रोज भांडती त्येच्याशी. पर पोरी, समदी नाक धरून उठून गेली... त्यो न्हाय उठला."