डोळ्यांनी ओळखलेला खोकला

एका परदेशी वेबसाइटला मी ध्वनिमुद्रणाचे छोटे धडे विकते. सात-आठ मिनिटांचा एक धडा असतो. मागची घरघर कशी काढायची, दोन वाक्यांमधला श्वास किती ठेवायचा, रिकाम्या भिंतींचा घुमारा कसा कमी करायचा, असं काहीतरी. पडद्यावर आवाजाची रेघ दिसत असते आणि मी साध्या इंग्रजीत समजावत असते. धडा पसंत पडला की ते तो कायमचा विकत घेतात. त्यांचा एक नियम कडक आहे: बिघडलेला आवाज आधी ऐकवायचा आणि दुरुस्त केलेला नंतर. बिघाडही खरा हवा, मुद्दाम केलेला त्यांना लगेच कळतो.

खऱ्या बिघाडांची आमच्याकडे ददात नव्हती. बिबवेवाडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली गॅरेज आणि घरात आई. आई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, त्यामुळे नियम म्हटला की तिला आवडायचाच. दुपारी एक ते चार आमची सोसायटी झोपते, तेव्हाच मी रेकॉर्डिंग करत असे. दाराच्या कडीला लाल नॅपकिन अडकवला की आईने पंखा बंद करायचा, कुकर लावायचा नाही आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून राहायचं. "जगाला आवाज शिकवते आणि आईला गप्प बसवते," असं ती मावशीला फोनवर सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेताने. पण नॅपकिन दिसला की पेपरचं पानसुद्धा उलटत नसे.

एका दुपारी ती खोकली. माझं चांगलं जमलेलं वाक्य फुकट गेलं. मी दार उघडून तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"सॉरी हं," ती म्हणाली. कचेरीत साहेबांना म्हणत असेल, तसं.

त्यानंतरही ती खोकायची, पण पदराचा बोळा तोंडावर धरून. मग एकदा माझ्या डोक्यात आलं, अरे, हाच तर धडा आहे. रेकॉर्डिंगमधला खोकला कसा काढायचा! खोकल्याचा आकार ठरलेला असतो. रेघ एकदम उभी चढते आणि मागे छोटी शेपटी उरते. सवय झाली की तो ऐकावाही लागत नाही, नुसता पाहून ओळखता येतो आणि कापता येतो. हेच वाक्य मी धड्यात म्हटलं, थोडं ऐटीतच म्हटलं. आधीच्या आवाजात माझं बोलणं, त्यात आईचा खोकला आणि मागून पुसटसं "सॉरी हं". नंतरच्या आवाजात फक्त मी.

धडा दोन दिवसांत पसंत झाला, वर कौतुकाची ओळही आली. आई खूश. "म्हणजे माझ्या खोकल्याला परदेशात भाव आहे. इथे कुणी विचारत नाही," ती म्हणाली. आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता तिला ठसका लागला, तेव्हा मी तिला पाणी दिलं आणि आत जाऊन पुढच्या धड्याला बसले.

बऱ्याच महिन्यांनी ती जिना चढताना मधेच पायरीवर बसली. तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं.

"खोकला कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले असतील," आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. तपासण्या झाल्या. फुप्फुसात दुखणं पसरलेलं होतं आणि ते पंधरा दिवसांचं नव्हतं. पावसाळा सरायच्या आत आई गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मावशी आली होती. भंतेजी गेल्यावर ती खुर्च्या गोळा करता करता म्हणाली, "तुझ्याकडे असेल ना गं तिचा आवाज? तू तर त्यातलीच." मी हो म्हणाले आणि मग लक्षात आलं की नाही. लग्नांच्या व्हिडिओत ती ताटं घेऊन इकडून तिकडे जाताना दिसते, बोलत नाही. आवाजाचं काम करणाऱ्या माझ्याकडे आईचं एक सलग वाक्य नव्हतं.

पण धड्यांच्या मूळ फायली होत्या. कापाकापी करण्याआधीचं रेकॉर्डिंग मी कधी पुसत नाही आणि प्रत्येक फायलीवर तारीख असते. निदान त्या "सॉरी हं"च्या आसपास आणखी काही सापडेल म्हणून मी त्या एकेक उघडत गेले. शब्द सापडले नाहीत, खोकला सापडला. डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या तब्बल अकरा महिन्यांचा. सुरुवातीला आठवड्यात एखादा, कोरडा. मग एका बैठकीत तीन-चार. मग पदरात दाबलेले, आणि त्यांच्यानंतर बराच वेळ चालणारी धाप. प्रत्येक ठिकाणी माझी खूण होती: इथून इथपर्यंत कापा. मी एकूण एक कापला होता आणि एकही ऐकला नव्हता. त्या दिवशी मला स्वतःच्या कानांची किळस आली.

तो धडा अजून वेबसाइटवर आहे. खाली लोकांचे अभिप्राय आहेत. खोकला ऐकत बसावं लागत नाही, वेळ वाचला, आभार. मी वेबसाइटला पत्र लिहिलं की हा धडा कृपया काढून टाका. उत्तर सभ्य होतं. धडा त्यांनी विकत घेतलेला आहे आणि तो बराच पाहिला जातो. त्यात काही तांत्रिक चूक आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. तांत्रिक चूक त्यात एकही नव्हती.

धडे मात्र बंद केले नाहीत, पोट त्यावरच आहे. दुपारी नॅपकिनही अडकवते, बाहेर कुणी नसताना. कानांवर हेडफोन चढवले की बाहेरच्या खोलीतून खोकला येतो. काढले की काही नाही. पलंग असतो, त्यावरची घडी केलेली गोधडी असते. अशी मी किती वेळा उठून पाहून आले असेन, सांगायची लाज वाटते.

परवा मी हेडफोन काढले आणि खोकला थांबला नाही.

मी बाहेरच्या खोलीत गेले, पलंग रिकामाच होता. मग कळलं की तो भिंतीपलीकडून येतोय. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक एकटे राहतात. मी त्यांची बेल वाजवली, भर दुपारी.

"माहीत आहे," दार अर्धवट उघडून ते म्हणाले. "आपलं रेकॉर्डिंग चालू असणार. खिडकी लावून घेतो. सोसायटीत खोकायच्या वेळा काय आहेत, त्या एकदा फळ्यावर लिहा म्हणजे झालं."

"काका, खोकला कधीपासून आहे?"

"झाले असतील पंधरा दिवस."

मी घरी आले आणि गेल्या काही महिन्यांच्या फायली उघडल्या. आईचा खोकला तोडका होता, हा जड आणि लांबलेला. पाहून ओळखू येत होता, तरी मी प्रत्येक शेवटपर्यंत ऐकला. पहिला दिवाळीतला निघाला, फटाक्यांच्या मागे. आता उन्हं तापायला लागली होती.

मी लॅपटॉप उचलून पुन्हा त्यांच्याकडे गेले. हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले, पडद्यावरच्या तारखा दाखवत एकेक ऐकवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तिरकेपणा हळूहळू गेला.

"हा सगळा मी?"

"हो."

त्यांनी हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिले. "माफ करा हं," ते म्हणाले. "तुमचं बरंच काम बिघडवलं मी."

माझं दार उघडंच राहिलं होतं, आतल्या खोलीच्या कडीला लटकणारा लाल नॅपकिन त्यांच्या दारातून दिसत होता.

"चपला घाला, काका," मी म्हणाले. "आणि डॉक्टरांनी कधीपासून म्हणून विचारलं, तर तुम्ही बोलू नका. मी सांगेन."