आईनं शोधलेलं कतीफ

मी सौदीला निघालो त्या सकाळी आई घरात नव्हती. दारात गाडी उभी होती, निम्मा मोहल्ला जमला होता, मावश्या दुआ पढून माझ्या तोंडावर फुंकर घालत होत्या आणि आई खाडीत होती. ओहोटीची वेळ, म्हणून चिखलातल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायला गेलेली. सामान चढवून झाल्यावर ती चिखलाच्या पायांनी धावत आली. "पानी काय माज्यासाठी थांबतंय?" म्हणाली. मग ओल्या हातानं माझा गाल धरून तिनं विचारलं, "कवा येशील?"

मी म्हटलं, "पाच वर्षांनी. कायमचा."

त्याला एकवीस वर्षं झाली. कतीफमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो. दर शुक्रवारी आईला फोन करतो आणि एकवीस वर्षं तिचा शेवटचा प्रश्न तोच असायचा. माझी उत्तरं तेवढी बदलत गेली. आधी नोकरी नवी होती, मग लग्न झालं, मग लेकीची, आलियाची, शाळा. दरम्यान बाबांनी माझ्यासाठी घरावर वरचा मजला चढवला आणि पुढं ते गेलेही. मी चाळीस दिवसांची सुट्टी काढून गेलो आणि परत येताना आईला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून आलो. तुमच्यापैकी जे इकडं आलेत त्यांना ही उत्तरं देऊन पाठ झाली असतील, आणि जे गावात राहिलेत त्यांना ऐकून.

गेल्या हिवाळ्यात आईला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आणलं. पाहुण्यांना दाखवायची आम्हा सगळ्यांची एक ठरलेली फेरी असते. समुद्रकाठची कॉर्निश, दोन मॉल, बहरीनचा पूल आणि सोन्याची दुकानं. नसीमानं, माझ्या बायकोनं, चार दिवसांत ती उरकली. मॉलमध्ये आई सरकत्या जिन्याला घाबरली नाही, पण बाकावर बसून पायांकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "हे सगल्यांचं झालं. आता तुजं गाव दाखव. तू जातोस कुठं, बसतोस कुठं, ते दाखव."

मी हसण्यावारी नेलं, पण मनातून ओशाळलो. मी कुठं जातो? घर, हॉस्पिटल, जुम्म्याची मशीद आणि कोपऱ्यावरचं केरळ्याचं दुकान. एकवीस वर्षांत या गावात मला रस्ता विचारणाऱ्याला मी नीट उत्तर दिल्याचं आठवत नाही. परत जायचंच आहे म्हटल्यावर कोण कशाला गल्ल्या पाठ करील?

"दर्या हाय ना हितं?" आईनं विचारलं. "मंग सुकती कवा?"

सुकती म्हणजे ओहोटी. मला काय ठाऊक! पण फ्रीजवर हॉस्पिटलचं कॅलेंडर होतं, त्यावर चाँदाच्या तारखा होत्या, आणि ते बघून आई हरखलीच. गावात चाँदाची तारीख सांगितली की भरती-ओहोटीची वेळ ती बोटांवर मोजून सांगते. तिचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. "सगला कारभार चाँदावर चालतो हितं, आनि तुला सुकती म्हाईत नाय?" असं म्हणून तिनं बोटं मोजली आणि शनिवारी दुपारची वेळ दिली. आम्ही चौघं मासळी बाजाराच्या पलीकडे, खजुराच्या बागा संपून तिवरांची झाडी लागते तिथवर गेलो. आई साडी खोचून तयार झाली होती. खाडी काठोकाठ भरलेली होती.

नसीमा हसली, मीही हसलो. हसायला नको होतं. इकडचा चाँद आपल्याकडच्यापेक्षा एक दिवस पुढं असतो, हे आम्ही दर ईदला अनुभवतो, पण तिला सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं. शिवाय कोकणच्या दर्याचं घड्याळ या दर्याला लागूच पडत नाही. आईनं खोचलेली साडी सोडली. घरी आल्यावर म्हणाली, "माजं तिकीट लवकरचं मिलतंय का बघ. हितं माजं काय काम नाय."

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. आपण जिथं राहतो ती जागा आईनं नाकारली, तर परत जायचं की राहायचं याचा निकाल तिनंच लावल्यासारखा होणार होता, आणि मला निकाल नको होता.

पण सकाळी ती चप्पल घालून दारात उभी. ड्युटीवर जाताना मी तिला आणि नसीमाला खाडीवर सोडायचं, शाळा सुटल्यावर आलियानं यायचं, असं तिनंच ठरवलं. काठावरच्या एका दगडावर नसीमाच्या नेलपॉलिशनं खुणा केल्या. पाणी कुठल्या खुणेवर किती वाजता, हे आलिया वहीत लिहायची. पहिल्या दिवशी पोरगी नाक धरून म्हणाली, "दादी, इधर स्मेल बहुत है।" आठवड्याभरात शाळेचे बूट गाडीत काढून ठेवू लागली. पंधरा-वीस दिवसांनी आईनं जाहीर केलं, "पानी वेगल्या वक्ताचं हाय, पन बेइमान नाय."

त्या शनिवारी तिनं सांगितलेल्या वेळेला खाडी खरोखर रिकामी झाली. दूरवर चिखल, आणि चिखलात खजुराच्या फांद्या रोवून केलेलं कुंपण. भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला त्यात अडकतात. अबू अली नावाचे एक म्हातारे गृहस्थ ते काढत होते. आईच्या टोपलीतल्या तिसऱ्या पाहून ते चकित झाले, कारण त्यांच्यात शिंपल्या खात नाहीत. ते अरबीत बोलत होते, ती आमच्या कोकणीत, आणि मधे मी मोडकंतोडकं भाषांतर करत होतो. माझं भाषांतर दोघांनाही नको होतं. त्यांनी आम्हाला बागांमधून आत नेलं, आटलेल्या झऱ्याचा दगडी हौद दाखवला, जिथं पूर्वी सगळं गाव आंघोळीला यायचं. भट्टीतली रोटी मिळते ती गल्ली दाखवली. मग मला विचारलं, किती वर्षं झाली इथं? मी सांगितलं. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "वेन?" म्हणजे, होतास कुठं?

तिसऱ्यांचं कालवण आलियानं बोटं चाटून खाल्लं. शेजारची मैत्रीण आली तेव्हा तिला म्हणाली, "हमारी खाड़ी का है।" आई कांदा चिरत होती. तिचा हात थांबला. ती बराच वेळ नातीकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

दम्मामच्या विमानतळावर मी माझं उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. आलियाला वही सांभाळायला सांगितलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

महिन्याभरानं एका शुक्रवारी फोनवर सहज म्हणाली, "वरचा मजला शालेतल्या बाईंना दिला राह्याला. चांगल्या हायत."

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"तुला कशाला? पोरगी तिकडच्या खाडीला आपली म्हनते. तुजं घर कुठं हाय ते मी बघून आले. इतकी वरसं उगाच पाठी लागले तुज्या." टोमणा नव्हता. माझं चांगलं चाललंय या समाधानात ती बोलत होती.

तिला कसं सांगू की इकाम्यावर, इथं राहायच्या परवान्यावर, तारीख असते? नोकरी आहे तोवर ही खाडी माझी, नोकरी गेली की आलियासकट गाशा गुंडाळायचा. आणि तरीही ती म्हणाली ते खोटं नाही. आता मी शनिवारी लेकीबरोबर चिखलात उतरतो, अबू अली लांबूनच हात करतात, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी रस्ता विचारला तर सांगता येतो.

पण शुक्रवारचा फोन आता लवकर संपतो. पाणी कसंय, आलिया कशीय, बास. ठेवण्याआधी मी थोडा थांबतो. ती काही विचारत नाही. आणि मग आठवडाभर, एक्स-रे काढताना, "श्वास रोखा" म्हणताना, मी मनातल्या मनात तिला सांगत असतो, येतो गं, पुढच्या वर्षी येतो.