एका श्वासाची अक्का

माझ्या आत्तेबहिणीइतक्या वेळा मेलेलं माणूस अख्ख्या तंजावुरात दुसरं नसेल. निदान आमच्या घरानं तरी तिच्या नावानं तीन-चारदा गळा काढलाय, आणि दर वेळी अक्का उठून रसमभात मागते.

पहिल्यांदा ती मेली पापनाशमजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीत. पितळी कळशी निसटून बुडाली, ही दहा वर्षांची पोर ती काढायला उतरली आणि वर येईचना. आत्यानं गळा काढला. माझे वडील नेसत्या वेष्टीसकट उडी टाकणार, तेवढ्यात कळशी वर आली आणि मागोमाग अक्का. "खाली कासव होतं," म्हणाली, "ते डोकं काढीना, म्हणून थांबले." वडील तिला मारणारच होते, पण हात उगारला आणि तसेच काठावर बसले.

पुढं कलेक्टर कचेरीत नोकरी लागली, तरी हा नाद सुटला नाही. टाऊन बसमध्ये ती दोन-दोन स्टॉप श्वास धरून बसायची. एकदा शेजारच्या बाईनं तिचे थिजलेले डोळे पाहून आरडाओरडा केला आणि ड्रायव्हरनं बस थेट इस्पितळाच्या दारात नेली. अक्कानं शांतपणे श्वास सोडला आणि कंडक्टरला म्हणाली, "माझं तिकीट इथवरचं नाही." बघायला आलेल्या मुलानं "गाता येतं का?" असं विचारलं तेव्हाही सराव चालू होता. उत्तर मिळेपर्यंत मंडळी कॉफी संपवून उठली होती.

सुट्टी काढून ती समुद्रावर जाते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पाठीवर हवेचं नळकांडं न घेता, एका श्वासात, दोरीच्या कडेनं खोल जाऊन परत यायच्या स्पर्धा असतात, हे कळलं ते तिनं देशाचा विक्रम मोडला त्या दिवशी. आत्या पेपर बाजूला ठेवून म्हणाली, "सरकारी नोकरी असून हे काय म्हणून सुचतंय हिला?"

आपलाच विक्रम मोडायला ती उतरली, तेव्हा मी होडीत होतो. अक्का वर आली. दोरीच्या खालच्या टोकाला लावलेली खुणेची पट्टी हातात होती. माझ्याकडं बघून हसली आणि तशीच कलंडली. ओठ जांभळे पडलेले. सोबतच्या पाणबुड्यानं तिचं तोंड पाण्यावर धरलं, गालांवर फुंकर मारली, नावानं हाका मारल्या. आत्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, ती वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो. मग तिनं डोळे उघडले.

"झालं?" तिनं विचारलं.

नव्हतं झालं. वर आल्यावर शुद्ध राहिली तरच बुडी धरतात.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "अक्का, खाली काय असतं?"

"काही नाही. गार असतं, अंधार असतो." ती खिडकीबाहेरची भातशेतं बघत होती. "पण आज तिथं मज आईची आठवण झाली. आजवर कधी झाली नव्हती."

त्यानंतर ती स्पर्धेत उतरली नाही. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या मुलींना शिकवते, त्यांची दोरी धरून होडीत बसते. परवा त्यांतल्याच एकीनं तिचा विक्रम मोडला. सांगायला अक्कानं फोन केला, पोरीचं तोंडभरून कौतुक केलं, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडं ती सावकाश श्वास घेत होती, सोडत होती, आणि मी कितीतरी वेळ ते ऐकत राहिलो.