हौदावरचे अठरा हजार

तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, शाळेत मात्र बोलू नका! अकोल्यात मी गणित शिकवतो, आणि त्याच गणिताने एकदा भर दुपारी माझी बोबडी वळवली.

मे महिना. शेंदूरजनाघाटला सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत गेलो होतो. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांनाच, लग्नाला जायचं होतं. निघताना म्हणाले, "जवाईबापू, मोटर चालू केली हाये. हौद भरला का बंद करजा. लाइन दोन वाजता जाते. नव्या कलमाईले आज पाणी नाही भेटलं तर वायून जातीन!"

नुसती वाट पाहत बसायला मी काय अडाणी? पाइपाखाली बादली धरली. वीस लिटर, बारा सेकंद. म्हणजे मिनिटाला शंभर लिटर. रिकामा हौद दहा हजारांचा, तेव्हा शंभर मिनिटांत काठोकाठ! मी खुशाल बाजेवर आडवा झालो.

पन्नास मिनिटांनी उगाच डोकावलो. हौद निम्मा हवा होता ना? पाव होता!

पाइप तर धो धो वाहत होता. हौदाला बाहेरून ओल नाही. बागेत चिटपाखरू नाही, पान हलत नाही. आणि पाण्यात, कोपऱ्याला, एक भोवरा सावकाश फिरत होता.

अडीच हजार लिटर गायब. मिनिटाला पन्नास. कोणीतरी पीत होतं!

घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो. मी त्रैराशिक मांडलं. एक माणूस दिवसाला चार लिटर पितो, तर मिनिटाला पन्नास लिटर किती जण पितील? अठरा हजार! माझ्याभोवती अठरा हजार तहानलेले, आणि दिसत एकही नाही!

तेवढ्यात वाळल्या पाल्याखालून आवाज आला. सुर्रर्र... सुर्रर्र... ओळीने, पार शेवटच्या झाडापर्यंत. खरं सांगतो, धावत जाऊन मोटर बंद केली.

आवाज थांबला नाही.

घर गाठलं तेव्हा पायात एकच चप्पल होती. बायको वैशाली दारातच भेटली.

"अहो, काय झालं?"

"बागेत अठरा हजार जण आहेत!"

"अगं माय! अन् मी कणीक चौघाईचीच भिजवली!"

दोन वाजता लाइन गेली. मामाजी आले तेव्हा हौद कोरडा ठणठणीत.

"मोटर काहून बंद केली? ठिबकचा वॉल म्या सकायीच खोलून ठेवला होता ना! इकून हौद भरे, तिकून पाणी पाल्याखालच्या नळ्याईतून कलमाईले जाये."

मग काय! संध्याकाळपर्यंत विहिरीतून पाणी शेंदून एकेका कलमाला घातलं. कलमं वाचली, माझी कंबर गेली.

मामाजी बांधावर बसून वैशालीला म्हणाले, "काहून वं, शायेत हे नाही शिकवत काय?"

"शिकवतात ना बाबा! एक नळ हौद भरते, दुसरा रिकामा करते. दरसाल पेपरात घालतात. पन नळ दोन हायेत हे पेपरात लिवलेलं असते!"